मदतीचा फॉर्म बाबांपासून लपवून भरू नकोस

पत्र थोडक्यात सांगते. मुलगी अमेरिकेत दहावीत आहे, गणिताचं वेड आहे, उन्हाळ्यातल्या पाच आठवड्यांच्या निवासी गणित कॅम्पला तिने अर्ज केलाय. फी साधारण ५,५०० डॉलर. अर्जात 'आर्थिक मदत हवी का' असं विचारलं होतं तिथे बाबांनी 'नको' केलं. नंतर एकदा प्रिंटरच्या ट्रेमध्ये तिला बाबांच्या कंपनीचं पत्र दिसलं, नोकरी फेब्रुवारीतच गेलीय. तिने ते होतं तसं पालथं ठेवून दिलं. घरात कोणी काही बोलत नाही, बाबा रोज सकाळी लॅपटॉप घेऊन बेसमेंटमध्ये 'मीटिंग'ला बसतात आणि वर सांगतात, पैशाचं टेन्शन घेऊ नकोस, ४०१(के) मधून, म्हणजे निवृत्तीसाठी साठवलेल्या पैशातून काढू, तू फक्त नाव काढ. तिने विचारलंय, बाबांना न सांगता मदतीचा फॉर्म भरता येईल का?

नाही गं, येणार नाही. त्याला आईबाबांचा मागच्या वर्षीचा टॅक्स रिटर्न लागतो, पालकांची सही लागते. आणि समजा आला असता भरता, तरी मी तुला भर म्हणाले नसते. कारण आत्ताच तुमच्या घरात एक गोष्ट लपवली जातेय, त्यावर दुसरी कशाला.

तुझे मार्क, तुझा अर्ज, ते प्रॉब्लेम्स तू कसे सोडवलेस वगैरे तू दोन पानं लिहिलंयस, त्यातल्या कशाचीच मला काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती एका वाक्याची, की 'मी सिलेक्टच झाले नाही तर बरं होईल.' ज्या मुलीने महिनाभर एकेका प्रॉब्लेमवर डोकं फोडलंय ती मनातून नापास व्हायची वाट बघतेय, आणि बाबांना वाटतंय आपण तिला काही कळू दिलेलं नाही.

आता पुढचं बाबांसाठी, त्यांना वाचायला दे.

अहो, तिला माहितीये. तुम्ही तिचं ओझं कमी करायला गप्प बसलात आणि झालंय उलटं, नोकरीचंही ओझं तिच्यावर आणि तुमचं गुपित सांभाळायचंही. त्यात 'तू फक्त नाव काढ'. म्हणजे निवृत्तीचा पैसा मोडून पाठवलेली पोर तिथे गणित एन्जॉय करेल की रोज हिशोब करेल की आज बाबांचे दीडशे डॉलर वसूल झाले का? मला हे प्रेम वाटत नाही, अभिमान वाटतो, आणि त्याचं बिल ती भरतेय. स्पष्ट बोलले, राग मानू नका. शिवाय व्यवहार म्हणूनही वाईटच आहे. तुम्ही पंचेचाळिशीत आहात, साडेएकोणसाठच्या आधी असे पैसे काढले तर सहसा १० टक्के दंड, म्हणजे ५,५०० वर ५५० तिथेच गेले, आणि वर ती सगळी रक्कम उत्पन्नात धरून इन्कम टॅक्स वेगळा.

तुमचा मुद्दा मुलीने लिहिलाय, की मागच्या वर्षीचा पगार चांगला होता, आपल्याला कोण मदत देणार, आणि मागितली तर सिलेक्शनवर परिणाम होईल. हा गैरसमज मी इतक्या घरांत ऐकलाय की काय सांगू. फॉर्म मागच्या वर्षीचा रिटर्न मागतो हे खरं, पण तो वाचणारी माणसंच असतात, परिस्थिती बदलली असेल तर सोबत एक साधं पत्र जोडायचं, नोकरी कधी गेली, कंपनीने जाताना किती दिले, बेकारभत्ता किती येतो, कंपनीच्या पत्राची कॉपी. रडगाणं नको, आकडे द्या. आणि सिलेक्शनचं म्हणाल तर 'मॅथकॅम्प' नावाचा उन्हाळी गणित कॅम्प घ्या, १९९३ पासून चालू आहे, तिथे प्रवेश ठरवताना घरची ऐपत बघतच नाहीत, सोडवलेले प्रॉब्लेम्स बघतात. एमआयटीत होणारा आरएसआय, शाळकरी मुलांचा उन्हाळी संशोधन कार्यक्रम, १९८४ पासूनचा, त्यात शिकायची-राहायची फीच घेत नाहीत, प्रवासखर्च तेवढा आपला. टेल्युराइड या संस्थेची शाळकरी मुलांसाठीची समर सेमिनार पण मोफत. गंमत बघा, जिथे शिरणं सगळ्यात अवघड तिथे पैसे कमीत कमी, आणि जे घरी चकचकीत 'निवड झाली आहे' पत्रं पाठवतात तिथे फी बघून डोळे फिरतात! त्यातले कित्येक तर मोठ्या युनिव्हर्सिटीच्या नुसत्या खोल्या भाड्याने घेतात, तिथल्या अ‍ॅडमिशन ऑफिसचा काही संबंध नसतो. मदतीचा पैसा याच कामासाठी बाजूला ठेवलेला असतो, ते कर्ज नाही, परत करायचं नाही, सरकारी पण नाही, त्यामुळे सरकारी मदत घेतली तर ग्रीन कार्ड अडकेल ही भीतीही काढून टाका.

तर आज एवढंच करा. कॅम्पच्या ऑफिसला मेल टाका, की अर्जात 'मदत नको' लिहिलं होतं, फेब्रुवारीत नोकरी गेली, आता फॉर्म भरता येईल का. 'किती देऊ शकता' असा रकाना असेल तर खरा आकडा लिहा, लाजून फुगवू नका आणि शून्यही ठोकू नका जर शून्य नसेल तर. विमानाचं तिकीट, डिपॉझिट यांचं वेगळं विचारा, नाहीतर फी माफ आणि तिकिटाला पैसे नाहीत असं होतं. अर्धीच मदत आली तर एकदा परत लिहायला हरकत नाही, लोक लिहितात. तरी नाही जमलं तर यावर्षी जाऊ नका, खरंच, एका उन्हाळ्याने कुठलंही कॉलेज हुकत नाही.

आणि पोरी तू, एएमसी ही गणिताची स्पर्धा परीक्षा नोव्हेंबरमध्ये दे, एसएटीचं, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेचं, अकरावीत बघू. आणि हो, टॅक्स रिटर्न अपलोड करताना सोशल सिक्युरिटी नंबर काळे करून मगच पाठवा, सगळ्यांचे.