अंतराळ लिफ्टचं काम सुरू झालंय का? २०५० पर्यंत होईल?

नाही, अंतराळ लिफ्टचं, म्हणजे जमिनीपासून अंतराळापर्यंत ताणलेल्या केबलवरून वर-खाली जाणाऱ्या लिफ्टचं, बांधकाम कुठेच सुरू नाही, आणि २०५० मला तरी अशक्यच वाटतं. हे साल जपानच्या ओबायाशी कंपनीने २०१२ मध्ये मांडलेल्या आराखड्यातलं: ९६,००० किमी लांब केबल. घोडं अडलंय ते या केबलपाशीच. भूस्थिर कक्षाच (जिथला उपग्रह पृथ्वीवरून कायम एकाच जागी दिसतो) सुमारे ३६,००० किमीवर, आणि केबल त्याच्याही पलीकडे जायला हवी. तिथून सोडलेली पोलादी तार स्वतःच्या वजनानेच तुटेल. कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अणूंची अतिसूक्ष्म नळी, कागदावर पुरेशी मजबूत आहे, पण २०१३ मध्ये चीनच्या छिंगह्वा विद्यापीठात बनलेली विक्रमी नळी अर्ध्या मीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम हातभर! चंद्रावरच्या लिफ्टची गोष्ट मात्र वेगळी. तिथे गुरुत्वाकर्षण एक-षष्ठांश, त्यामुळे आज बाजारात मिळणारे मजबूत कृत्रिम धागेही पुरतील, असे हिशेब मांडले गेलेत.