पदं मोजायची तर चिन्हं मोजू नका

तुमचा मुलगा बीजगणितात ७ − २अ + ३अब मध्ये तीनाऐवजी सहा पदं मोजतो, हे तुमच्या प्रश्नात वाचलं आणि मला माझी सातवी आठवली. तो दिसेल तो आकडा, दिसेल ते अक्षर सुटं मोजतोय. त्याची फार काळजी करू नका. गुणाकारानं चिकटलेलं सगळं मिळून एक पद, हे चार दिवसांत डोक्यात बसतं.

मला महागात पडला तो त्यावरचा उपाय. आमच्या क्लासात (नाव नको) 'युक्ती' शिकवली होती: अधिक-उणे चिन्हं मोजा आणि एक मिळवा. तुमच्या उदाहरणात दोन चिन्हं, म्हणजे तीन पदं. उत्तर बरोबर येतं, तिथंच तर घात होतो! स्कॉलरशिपच्या पेपरात −५क्ष + ३ आलं. मी तीन लिहून मोकळा. पदं दोनच. पुढं ४अ × (−२ब) + १, तिथंही तीनच ठोकले. तीही दोनच, कंसातलं उणे गुणाकारातलं आहे, ते पद तोडत नाही. क्लासात विचारलं तर म्हणे, "असलं परीक्षेत येत नाही." अहो, आलं म्हणूनच तर विचारतोय!

उणे हे त्या पदाचंच असतं. −७अ चा सहगुणक (अक्षराला गुणणारा आकडा) −७, नुसता ७ नव्हे. भास्कराचार्यांच्या बीजगणितात (११५०) अधिकचं चिन्हच नाही. 'या ३ रू ५' म्हणजे आपलं ३क्ष + ५ ('या' म्हणजे अज्ञात संख्या, 'रू' म्हणजे नुसता आकडा), आणि ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब, म्हणजे उणे त्या संख्येलाच चिकटलेलं. मला हे शाळेत कुणी दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

मी शिक्षक नाही, तेव्हा शाळेची पद्धत वेगळी असेल तर तीच धरा. पण कंस आला की प्रश्न नीट वाचायला लावा. ५(क्ष + ३) − क्ष आहे तसं पाहिलं तर दोन पदं, कंस सोडवला तर ५क्ष + १५ − क्ष अशी तीन, सरूप पदं (सारख्या अक्षरांची, इथं ५क्ष आणि −क्ष) एकत्र केली की ४क्ष + १५, पुन्हा दोन. 'सरळ रूप द्या' म्हटलंय की नाही, यावर मार्क जातात.

घरी मी मुलीला प्रत्येक पदाभोवती पेन्सिलीनं गोल काढायला लावतो, डावीकडचं चिन्ह गोलाच्या आत. आणि सेमी इंग्लिश असेल तर वहीत इंग्रजी एक्स वळणदार काढायला सांगा. आमच्याकडे तो आणि गुणिले इतके सारखे दिसायचे की एकदा तिनं चलालाच (म्हणजे त्या एक्सलाच) गुणाकार समजून उत्तर काढलं होतं.