वाचकांचे प्रश्न : इंजिनाचा हवेचा मार्ग, आधी मोजमाप आणि मग नटवणे

प्रश्न : माझ्या गाडीला दीड लिटरचे, टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन आहे. एअर फिल्टरची मूळ बंद डबी काढून तिथे शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर आणि पॉलिश केलेला ॲल्युमिनियमचा पाइप स्वतःच बसवावा, असा विचार आहे. त्याने ताकद वाढते असे सगळेच सांगतात. खरोखर किती फरक पडतो?

उत्तर : सांगतात सगळेच, मोजून मात्र फारसे कोणी सांगत नाही; म्हणून आधी हिशेब मांडू. चार स्ट्रोकचे इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेइतकी हवा ओढते. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर आपले इंजिन हिशेबाने ४५०० लिटर आणि प्रत्यक्षात त्याहून काहीशी कमी हवा घेते. एवढी हवा डबी, फिल्टर आणि पाइप यांतून येताना तिचा दाब थोडा घटतो. नवा फिल्टर हा घटलेला दाबच परत मिळवून देऊ शकतो, त्यापलीकडे त्याच्या हाती काही नसते.

ही घट घरच्या घरी मोजता येते. सुमारे दोन मीटर पारदर्शक नळी घेऊन ती एका फळीवर इंग्रजी ‘यू’च्या आकारात बांधावी, निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरावे आणि मागे सेंटिमीटरची पट्टी चिकटवावी. नळीचे एक टोक मोकळे ठेवून दुसरे टोक लांब नळीने फिल्टर आणि थ्रॉटल (ॲक्सिलरेटर दाबल्यावर उघडणारी हवेची झडप) यांच्यामधल्या रबरी पाइपाला जोडावे; त्यासाठी पाइपाला छोटे तोंड बसवावे लागते आणि काम झाल्यावर ते घट्ट बंद करावे लागते. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर किंवा डायनोवर (गाडी जागेवरच चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) पूर्ण थ्रॉटल देऊन गाडी वरच्या आरपीएमपर्यंत, म्हणजे मिनिटाच्या जास्तीत जास्त फेऱ्यांपर्यंत, न्यावी आणि शेजारी बसलेल्या माणसाने दोन्ही पातळ्यांतील अंतर टिपावे. चालकाने स्वतः नळीकडे पाहू नये, हे वेगळे सांगायला नको. समजा, अंतर २५ सेंटिमीटर भरले. वातावरणाचा दाब पाण्याच्या साधारण १०.३ मीटर उंचीइतका असतो, त्यामुळे ही घट जेमतेम अडीच टक्के झाली. सगळा अडथळा नाहीसा केला, तरी वाढीची मर्यादा साधारण तेवढीच. अंतर त्याहून बरेच जास्त आले, तर मात्र आधी जुना फिल्टर बदलावा. अनेकदा दोष डबीत नसून धुळीने भरलेल्या कागदात असतो.

आता उलट बाजू पाहा. मूळ डबी बहुधा ग्रिलजवळून, बाहेरची हवा घेते. उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. २७ अंश सेल्सिअसऐवजी ५७ अंशांची हवा आत गेली, तर तिची घनता सुमारे नऊ टक्क्यांनी घटते. वेगात असताना हा फरक कमी होतो, पण गर्दीत थांबत-थांबत चालताना तो जाणवतो. म्हणजे अडीच टक्के मिळवायला जाऊन नऊ टक्के घालवण्याचा हा व्यवहार होऊ शकतो. तरीही ताकद वाढल्यासारखे वाटते, याचे कारण बहुतेक वेळा आवाज हे असते. हवेचा घोंघाट दाबणारी पेटी डबीबरोबरच निघून जाते आणि तोच घोंघाट कानाला पिकअप वाटतो. आवाज आवडत असेल तर तो आवडीचा भाग आहे, त्याला माझी हरकत नाही. फिल्टर बदलायचाच असेल, तर त्याच्याभोवती पत्र्याचा आडोसा करून त्याला बाहेरच्या हवेची वाट द्यावी, आणि तो आडोसा बॉनेटला रबराच्या पट्टीने चिकटून बसेल असा बेतावा.

प्रश्न : नवा पाइप बसवल्यापासून आयडलिंग (गाडी उभी असतानाचे इंजिनाचे मंद चालणे) वरखाली होते आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनरवर पी०१७१ हा कोड येतो. पाइप जुन्यापेक्षा थोडा मोठा आहे. फिल्टर तेल लावायचा, कापडी आहे.

उत्तर : या कोडचा अर्थ, हवेच्या मानाने इंधन कमी पडते आहे. पेट्रोल पूर्ण जळायला एक किलो इंधनामागे सुमारे १४.७ किलो हवा लागते, आणि आत येणारी हवा किती आहे हे आपल्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर सांगतो. तो चुकीचे सांगू लागण्याची तिन्ही कारणे आपल्या प्रश्नातच दिसतात.

पहिले म्हणजे सेन्सरनंतरची गळती. तिथून शिरलेली हवा मोजली जात नाही. क्लॅम्प सैल आहे का, क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या, तेलाच्या भागाच्या) वाफेची नळी नीट बसली आहे का आणि रबरी जोडाला चीर गेली आहे का, हे पाहावे. गळती शोधण्यासाठी तापलेल्या इंजिनावर क्लीनरचा फवारा मारण्याची पद्धत प्रचलित आहे, पण सायलेन्सरकडे जाणारा पाइप तिथेच तापलेला असल्यामुळे आग लागण्याचा धोका असतो. त्यापेक्षा मेकॅनिककडे हवेच्या मार्गात धूर सोडून गळती दाखवणारी चाचणी करून घ्यावी.

दुसरे कारण अधिक चकवणारे आहे. सेन्सर सगळी हवा मोजत नाही. आपल्यासमोरून जाणाऱ्या थोड्या हवेवरून तो बाकीचा अंदाज बांधतो. ७० मिलिमीटरच्या पाइपातून काढून तोच सेन्सर ७६ मिलिमीटरच्या पाइपात बसवला, तर तेवढ्याच हवेचा वेग सुमारे १५ टक्क्यांनी कमी होतो आणि सेन्सर तितकी हवा कमी धरतो. साध्या चालण्यात जळून बाहेर पडणाऱ्या वायूंवर लक्ष ठेवणारा ऑक्सिजन सेन्सर ही चूक सांभाळून घेतो, परंतु पूर्ण थ्रॉटलवर बहुतेक गाड्या त्याच्यावर अवलंबून राहत नाहीत. तिथे मिश्रण पातळ (इंधन कमी असलेले) राहून इंजिन नॉक करू लागते, म्हणजे इंधन अवेळी भडकून ठोके पडू लागतात, आणि पिस्टनला इजा होऊ शकते. म्हणून सेन्सर जिथे बसतो, तो तुकडा मूळ व्यासाचाच ठेवावा.

तिसरे कारण तेलाचे. फिल्टरला गरजेपेक्षा जास्त तेल लावले, तर ते उडून सेन्सरच्या तारेवर बसते. सेन्सर त्याच्यासाठीच मिळणाऱ्या क्लीनरने धुवावा, बोट किंवा कापड लावू नये आणि पूर्ण सुकल्यावरच जोडावा.

प्रश्न : पाइपात बसवायची, हवेला भोवरा देणारी पात्यांची चकती घ्यावी का?

उत्तर : घेऊ नये. ती हवेच्या वाटेत अडथळाच करते आणि तिने दिलेला भोवरा थ्रॉटलच्या झडपेवर आपटून मोडतो.

प्रश्न : इनटेक मॅनिफोल्ड (थ्रॉटलपासून प्रत्येक सिलिंडरकडे हवा वाटणारा भाग) काढून रंगवायचा किंवा चकचकीत करायचा आहे. काय सांभाळावे?

उत्तर : ही हौस मला फिल्टरच्या बदलापेक्षा जास्त पटते, कारण यात खोटा दावा नसतो. मॅनिफोल्ड प्लास्टिकचा आहे की ॲल्युमिनियमचा, हे आधी ठरवावे. पावडर कोटिंग साधारण २०० अंशांच्या भट्टीत पक्के होते; त्या उष्णतेत प्लास्टिकचा मॅनिफोल्ड आकार सोडू शकतो, म्हणून त्याला प्लास्टिकचा प्रायमर आणि उष्णता सोसणारा स्प्रे रंगच योग्य. ॲल्युमिनियमवर तेलाचा अंशही राहू न देता ४०० नंबरच्या वॉटर पेपरने पृष्ठभाग खरवडावा, त्या धातूसाठीचा ‘एच’ (etch) प्रायमर, म्हणजे पृष्ठभाग किंचित खाऊन घट्ट धरणारा प्रायमर, द्यावा आणि मग पातळ थर चढवावेत. सुरकुत्या पडणारा रंग वापरल्यास ओतकामाचे खडबडीत डाग छान झाकले जातात. त्याचे थर मात्र जाड आणि एकावर एक आडवे-उभे द्यावे लागतात.

सँडब्लास्टिंगची मला खरी धास्ती वाटते. आतल्या कोपऱ्यात अडकलेले कण धुऊनही राहतात आणि इंजिन सुरू होताच सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे काढतात. सगळी तोंडे पक्की बंद केल्याशिवाय हे काम करू देऊ नये, आणि नंतर आतून दाबाने पाणी व हवा मारून पांढऱ्या कापडाने तपासावे. गॅस्केट (जोडातून गळती होऊ न देणारी चकती) बसते त्या पृष्ठभागावर रंग येऊ देऊ नये. मॅनिफोल्ड उतरलेला असताना हेडची (सिलिंडरवरच्या झाकणाची) उघडी तोंडे कापडाच्या लहान बोळ्यांनी न बुजवता रुंद टेपने झाकावीत, कारण बोळा आत विसरला जातो. बसवताना गॅस्केट नवे घ्यावे आणि बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत, पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळावेत. ॲल्युमिनियमचे आटे जोराने लगेच जातात.

प्रश्न : थंड हवेसाठी फिल्टर बंपरमागे अगदी खाली नेला तर?

उत्तर : हवा थंड मिळेल, पण साचलेल्या पाण्यातून गाडी नेताना तो पाणीही ओढेल. पाणी दबत नाही, त्यामुळे पिस्टन वर येताना त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. फिल्टर हेडलाइटच्या उंचीवर ठेवणे पुरेसे होते. पाण्यात गाडी बंद पडली, तर स्टार्टर मारू नये; आधी फिल्टर ओला आहे का ते पाहावे, आणि असेल तर इग्निशन व इंधनपुरवठा तोडून, स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवावे, म्हणजे आतले पाणी प्लगच्या भोकांतून बाहेर पडेल.