मॅडम, माझा हातच नाही ओ

जानेवारी संपली की सांगलीत विश्रामबागच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य हमखास येतं, बोलणारं पोरगं तेवढं बदलतं. आर्किटेक्चरला जायचंय पण ड्रॉइंग चांगलं नाही. सोबत आई, आईच्या हातात पिशवी, पिशवीत शीटची गुंडाळी. यंदा पण दोघं येऊन गेले, म्हटलं एकदा लिहूनच टाकू. खालची मुलगी दोन-तीन मुलांची मिळून एक केलीय, ओळख लागू नये म्हणून तपशील इकडचे तिकडे केलेत. तिला मुक्ता म्हणू.

मुक्ता बारावी सायन्सला, राहायला गावभागात, पप्पा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. शनिवार-रविवार एसटीने कोल्हापूरला ड्रॉइंगच्या क्लासला जायची. जेईई मेनचा बी.आर्कचा, म्हणजे आर्किटेक्चरच्या प्रवेशाचा पेपर जानेवारीत दिला, गणित आणि अ‍ॅप्टिट्यूड बरं गेलं, आणि ड्रॉइंगचा कागद पुढे आल्यावर बाई पंचवीस मिनिटं नुसती पेन्सिलला टोक करत बसली. घरी कुणाला बोलली नाही. आठ दिवसांनी आईला गादीखाली फाडलेल्या शीट सापडल्या, मग माझ्याकडे.

"इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला पण सी ग्रेड होती मॅडम. माझा हातच नाही ओ."

"पेपर किती मार्कांचा?"

"४००."

"त्यात ड्रॉइंग?"

"१००."

"मग उरलेले ३०० कोण लिहून आलं, शेजारीण?"

हसली नाही. मी विनोदाची घाई केली हे कबूल, आकडे दाखवून भीती जात असती तर समोर कॅलक्युलेटर ठेवून मी घरी गेले असते. ती खाली बघत म्हणाली, "पण आर्किटेक्टला ड्रॉइंग आलंच पाहिजे ना."

तो 'च' मी वहीत लिहून घेतला. माझं निम्मं काम या 'च'भोवती चालतं असं म्हटलं तरी चालेल. प्रसंगाने माणूस जेवढा घाबरतो त्याहून जास्त तो त्या प्रसंगाबद्दल स्वतःला ऐकवलेल्या वाक्याने घाबरतो, अशा मताची मी आहे, आणि त्या वाक्यात कुठंतरी 'च' दबा धरून असतो. "ड्रॉइंग आलं तर बरं" म्हणणारी पोरगी सराव करते, "आलंच पाहिजे" म्हणणारी शीट फाडून गादीखाली घालते. हे तिला सांगितलं, तिला पटलं पण. पटणं आणि वळणं यात मात्र बरंच अंतर असतं.

मध्ये बोर्डाची परीक्षा आली, तीन आठवडे ती आलीच नाही. आईचा फोन, "मॅडम, रोज किती शीट करायला लावू?" म्हटलं, ताई, काहीच लावू नका, जेवली का तेवढं विचारा.

मार्चच्या शेवटी आली ते मोबाईल घेऊन. त्यात क्लासच्या हुशार पोरांच्या शीट, बाजाराचा दिवस, रेल्वे स्टेशन, पतंग उडवणारी मुलं. ती त्या बघून बघून उतरवत होती आणि मूळ शीटशेजारी स्वतःची ठेवून रडत होती. फोन मी ड्रॉवरमध्ये टाकला, एका जुन्या प्रिंटची पाठकोरी बाजू पुढे केली आणि म्हटलं, डोळे मिटले तरी दिसेल अशी एक जागा काढ.

बराच वेळ गप्प. मग, "पुरातलं घर काढू?"

२०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णामाई गेली ५७ च्या वर. ही तेव्हा सातवीत. मला वाटलं आता दार, खिडकी, कौलं काढेल. तिने घर मधोमध सुरीनं कापल्यासारखं काढलं. जोतं, सोपा, जिना, वरची खोली, माळा, सगळं आतून. मग पाण्याची एक आडवी रेघ. "जिन्याला १४ पायऱ्या आहेत. पाणी अकरावीवर थांबलं. आज्जी बॅटरी घेऊन बारावीवर बसून होती, रात्रभर." माळ्यावर पप्पांच्या खतावण्या. सिलेंडर तरंगत जाऊ नये म्हणून खिडकीच्या गजाला दोरीनं बांधलेला. आणि वरच्या खोलीला एक खिडकी, त्यावर तिने पेन्सिल दाबून दोनदा गिरवलं. "बोट इथं लागली. पण गज होते. कापायला दीड तास लागला. मॅडम, नदीकाठच्या घराला वर एक तरी खिडकी माणूस जाईल एवढी पाहिजे."

रेघा वाकड्या होत्या, आज्जी म्हणजे काडीवर गोळा. पण वीस मिनिटं खोडरबरला हात नाही. मी विचारलं, आत्ता हात कुठून आला?

तिने कागदाकडे बघितलं. "हे ड्रॉइंग नाहीये मॅडम. हे मी सांगतीय तुम्हाला."

या वाक्यासाठी मी दोन महिने थांबले होते, खरं सांगते. तिला विचारून तो कागद एका ओळखीच्या आर्किटेक्टला दाखवला, तो म्हणाला याला सेक्शन म्हणतात, म्हणजे इमारतीचा उभा छेद, हिला कुणी शिकवलं? झेरॉक्स अजून माझ्या फाईलला आहे, काढून बघते अधूनमधून.

त्यानंतर रोज एक जागा, पंधरा मिनिटं, रबर घरी ठेवून. गणपती मंदिराचं आवार, पुलाखालची बाजू, हरिपूरची हळद साठवायची जमिनीखालची पेवं, तोंड अरुंद आणि पोट मोठं, ती पण हिने कापूनच काढली. क्लास बंद केला नाही हां. पर्स्पेक्टिव्ह, शेडिंग हे शिकून येतं, त्याला सराव लागतो आणि तो कंटाळवाणाच असतो.

पालकांनो, एवढं एक बघा, पेपरात नक्की काय विचारतात. नाटा ही आर्किटेक्चरची दुसरी प्रवेश परीक्षा, तिच्या २०० पैकी ८० मार्क हाताच्या कामाचे, त्यात दिलेल्या साहित्यातून वस्तू रचायची पण असते. हुबेहूब चेहरा काढणारा हात तिथं कुणी मागत नाही. आयआयटीचं आर्किटेक्चर हवं असेल तर जेईई अ‍ॅडव्हान्स्ड आणि वर एएटी ही आर्किटेक्चरची वेगळी चाचणी, तो रस्ता वेगळा, उगाच सगळे फॉर्म भरून पोराला दमवू नका. आणि भावकीतल्या कुणाची शीट व्हॉट्सअ‍ॅपवर आली तर ती पोराला फॉरवर्ड करू नका, हात जोडते.

एप्रिलला मुक्ताने जेईईचा तोच पेपर परत दिला, कागद पूर्ण भरून आली. जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशाच्या तिसऱ्या राउंडला व्हीएनआयटी, म्हणजे नागपूरचं एनआयटी मिळालं. ड्रॉइंगनं लागली असं मी म्हणणार नाही, गणितानं तिला ओढलं, आणि एनआयटीत निम्म्या जागा आपल्या राज्याच्या पोरांना असतात त्याचा पण उपयोग झाला. पण कागद कोरा राहिला असता तर गणित एकटं कुठवर ओढणार होतं.

जायच्या आधी आई पेढे घेऊन आली. बसली, पाणी प्यायली, मग हळूच म्हणाली, "धाकटा नववीत हाय मॅडम. त्याचा हात लय चांगला हाय, पण गणित येतच नाही ओ त्याला."

मी पेढा खाली ठेवला आणि वही ओढली.