बैल गाडीत चढत नाही, काय करू? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मृग जवळ आला की आपल्याकडे बैलजोडीची शोधाशोध सुरू होते, दुधाची ढोरं इकडची तिकडे होतात, त्यामुळे या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीचे आहेत, जनावर गाडीत चढवायचं कसं आणि उतरवायचं कसं. बाकीचे पुढच्या अंकात घेऊ. व्हॉट्सअ‍ॅपवरच जास्त आलेत, कुहीवरून मात्र चक्क पोस्टकार्ड आलंय, त्याचं विशेष कौतुक.

प्रश्न : माझ्याकडे म्हशी आहेत, वर्षातून चार-पाच वेळा पिकअपमध्ये चढवाव्या लागतात. आत्ता उकिरड्याच्या ढिगाला गाडी लावून चढवतो. आता फिरता रॅम्प बनवायचा आहे. वेल्डिंगवाला म्हणतो पाच फूट लांबी पुरे. बरोबर आहे का? आणि लोखंडाचा करू की लाकडाचा? (काटोल)

नाही पुरत भाऊ. वेल्डिंगवाल्याला त्याचं लोखंड वाचवायचं आहे किंवा तुमचे पैसे, पण म्हशीचा विचार त्यात नाही. आधी गाडी मोजा. फाळका पाडायचा, आणि जमिनीपासून डाल्याच्या तळापर्यंतची उंची टेपने घ्यायची, रिकाम्या गाडीची, कारण भरली की गाडी बसते. पिकअप साधारण अडीच-तीन फुटाच्या आसपास निघेल, मोठा ट्रक चार फुटाच्या. आता हिशोब सोपा, उंचीच्या तिप्पट लांबी घेतली की चढ साधारण २० अंशाचा होतो आणि जनावर आरामात चालतं. अमेरिकेत टेंपल ग्रँडिन म्हणून प्राध्यापक आहेत, गुरांना न मारता न घाबरवता कसं हाताळायचं यावर त्यांनी जन्म काढलाय, त्यांचं सांगणं असं की पक्का बांधलेला रॅम्प २० अंशाच्या वर नको आणि हलवता येणारा २५ च्या वर नको. २५ अंशाला उंचीच्या अडीचपटीच्या किंचित कमी लांबी लागते. म्हणजे तीन फूट उंच गाडीला कमीत कमी सव्वासात फूट आणि नऊ असेल तर उत्तम. पाच फुटात तोच चढ ३७ अंशाला जातो, म्हणजे घरच्या जिन्याएवढा, आणि जिन्यावर म्हैस चढवायची तर ती तुमचं ऐकणारच नाही आणि तिचं बरोबर आहे.

आता तुमचा उकिरडा. तो सोडू नका की! उलट रॅम्पचा पाय त्या ढिगावर किंवा बांधावर टेकवा, गाडीची मागची चाकं खोलगट जागेत घ्या, म्हणजे तीन फुटाची उंची दोनवर येते आणि सहा फुटाचा रॅम्प चालतो. ढीग तेवढा पायाने दाबून टणक करा, भुसभुशीत असला तर रॅम्प एका बाजूने खचतो. हे मी मुद्दाम सांगतोय कारण रॅम्पची सगळी भानगड वजनाची आहे. आठ बाय तीन फुटाची ५ मिलिमीटर जाडीची चेकर प्लेट (उठावदार नक्षीचा लोखंडी पत्रा) एकटीच ९० किलोच्या आसपास भरते, खालचा अँगल वेगळा, मग तो रॅम्प उचलायला चार माणसं लागतात आणि शेवटी तो कोठ्यामागे गंजत पडतो, गावोगावी बघा असे रॅम्प पडलेले दिसतील. त्यापेक्षा ३ मिलिमीटरची प्लेट घ्या (तीच पन्नास-पंचावन्न किलोवर येते), खाली दर फुटाला आडवा अँगल द्या, आणि एका टोकाला जुन्या स्कूटरची दोन चाकं बसवा. एक टोक उचललं की एकटा माणूस ओढत नेतो. लावताना मात्र चाकं जमिनीला टेकायला नकोत, वजन रॅम्पच्या कडेवर यायला पाहिजे.

लाकूडही वाईट नाही, पायाला चांगलं आणि आवाज कमी. नागपूरच्या लकडगंजात फिरलात तर जाड फळ्या मिळतील, पण चांगली सुकलेली घ्या आणि गाठीची फळी नको, ती गाठीवरच तुटते. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच वजनाला, पण महाग, आणि त्याचं वेल्डिंग वेगळं असतं, गावातल्या साध्या मशीनवर ते नीट होत नाही, म्हणून तुटलं की नागपूरला पळा.

बाकी बारीक गोष्टी, पण याच महत्त्वाच्या. रुंदी अडीच ते तीन फूट, जास्त केली की जनावर मधेच वळतं. पायाला अडसर म्हणून आडव्या पट्ट्या, साधारण आठ-आठ इंचावर, एक-दीड इंच उंच. जास्त लांब ठेवल्या की खूर घसरतो, फार जवळ ठेवल्या की खूर पट्ट्यांवरच पडतो आणि पकड मिळत नाही. वरच्या टोकाला दोन मजबूत हुक आणि दोन्ही बाजूंनी साखळी. दोरी नको. म्हैस मागच्या पायांनी जोर लावते तेव्हा रॅम्प मागे सरकायला बघतो, आणि पाचशे किलोची म्हैस अर्ध्यात असताना रॅम्प सुटला तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. आणि पहिल्यांदा म्हशीच्या आधी घरची तीन-चार माणसं मधोमध उभी करून बघा, रॅम्प लवतो का ते.

आणि हो, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, दुपारी ते लोखंड तव्यासारखं होतं. पहाटे चढवा, नाही जमलं तर वर गोणपाट किंवा काथ्याची चटई घट्ट बांधून टाका.

प्रश्न : रॅम्प चांगला आठ फुटाचा आहे, तरी आमचा बैल दोन पावलं चढतो आणि थांबतो. शेपूट पिरगाळली, मागून ठोकलं, तरी हलत नाही. बैल हट्टी आहे का? (उमरेड)

शेपूट पिरगाळणं आजपासून बंद. त्यात हाडं असतात, ती मोडतात, आणि पुढच्या वेळी रॅम्प दिसला की बैल गावाच्या वेशीवरूनच परत फिरेल. शिवाय जनावराला विनाकारण दुखवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे, वाहतुकीतलं हाल करणंही त्यातच येतं.

मला वाटतं बैल हट्टी नाही, त्याला काहीतरी दिसतंय जे तुम्हाला दिसत नाहीये. एक करा, तो जिथे थांबतो तिथे स्वतः उभे राहा, वाका, डोळे त्याच्या डोळ्यांच्या उंचीला आणा आणि पुढे बघा. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं. रॅम्प आणि डाल्याच्या मधे दोन-तीन इंचाची फट असते आणि तिच्यातून खालचा उजेड दिसतो, तुम्हाला फट, त्याला दरी. ताडपत्रीचं टोक हलत असतं. प्लेटवर उन्हाची तिरीप चमकते. किंवा डाला वरून पूर्ण झाकलेला असतो आणि आत काळाकुट्ट अंधार, गुरं अंधारातून उजेडाकडे सहज जातात पण उजेडातून अंधारात जायला कचरतात. तेव्हा ताडपत्री पुढून उघडी ठेवा, फटीवर गोणपाट टाका, सूर्य बैलाच्या तोंडावर येणार नाही अशी गाडी लावा. रात्र असेल तर बल्ब डाल्यात आतल्या बाजूला, तळावर उजेड पडेल असा, डोळ्यांत नाही.

आता सगळ्यात जास्त होणारी गोष्ट. गुरांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं पण समोर किती खोल किती उंच याचा अंदाज डोकं वर असताना नीट येत नाही. त्याला डोकं खाली घालून, हुंगून बघावं लागतं. आणि आपण काय करतो? कासरा वर ओढून धरतो, वेसणीला हिसके देतो, चल चल म्हणून ओरडतो, म्हणजे जी एक गोष्ट त्याला करायची आहे नेमकी तीच करू देत नाही. कासरा ढिला सोडा. मोरखी (तोंडाभोवतीची दोरी) घाला, ओढायचं असेल तर तिला, वेसणीला नाही. हुंगू द्या, मिनिटभर लागेल, लागू द्या. तो आपल्या आपण एक पाय टाकेल.

माणूस समोर उभा नको, तो रस्ता अडवतो. अगदी मागेही नको, तिथे त्याला दिसत नाही आणि लाथ बसते. बाजूला, खांद्याच्या किंचित मागे उभे राहा, किंवा त्याच्या तोंडाकडून निघून खांद्याजवळून शेपटीकडे चालत या, बैल पुढे सरकतो. उलटं वाटतं पण करून बघा. रॅम्पच्या दोन्ही कडांना तट्टी किंवा प्लायवूड उभं करा, कमरेच्या वर येईल एवढं, आरपार दिसणारी जाळी नको. बाहेरचं काही दिसलं नाही की त्याला पुढचाच रस्ता राहतो. जोडीतला शांत बैल आधी चढवा, दुसरा त्याच्या मागे जातो.

वेळ असेल तर हा सगळ्यात स्वस्त उपाय, रॅम्प काही दिवस कोठ्यासमोर जमिनीवर सपाट टाकून ठेवा, त्यावरच ढेप-कुटार टाका. पायाखाली आवाज येतो, काही होत नाही, एवढं त्याला कळलं की अर्धं काम झालं. मग एक टोक विटांवर उचला. घाईने बाजाराच्या दिवशी पहिल्यांदाच रॅम्प दाखवला तर तो थांबणारच.

प्रश्न : बकऱ्या तर उड्या मारून चढतात, त्यांना रॅम्प कशाला? छोट्या हत्तीत (टाटा एस गाडीत) किती बसतात? (हिंगणा)

चढतात खऱ्या, पण गाभण बकरीला उडी मारायला लावू नका, आणि उतरताना तर कोणालाच नको. कान धरून, एक पाय धरून उचलून फेकण्यापेक्षा चार फुटाची हलकी फळी, वर बारीक पट्ट्या मारलेली, पुष्कळ झाली. दोन बकऱ्या धिटाईच्या बघून पुढे काढा, बाकीच्या मागे येतात.

किती बसतात हा प्रश्न वेगळा आणि किती बसवायच्या हा वेगळा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२५-ई हा नियम आहे, १ जानेवारी २०१६ पासूनचा, त्यात मेंढी-बकरीला प्रत्येकी ०.३ चौरस मीटर जागा सांगितली आहे, म्हणजे सव्वातीन चौरस फूट. छोट्या हत्तीचा डाला साधारण सात बाय पावणेपाच, म्हणजे दहा बकऱ्या. तुम्ही पंचवीस भरता हे मला माहीत आहे.

प्रश्न : चढवताना त्रास नाही, उतरवताना गाय घसरून पडली. काय चुकलं? (कामठी)

उतरणं चढण्यापेक्षा कठीण असतं, आणि आपण सगळी काळजी चढवताना घेतो. लांबच्या प्रवासानंतर पाय आखडलेले असतात, डाल्यात शेणमूत होऊन चिखल झालेला असतो, फाळका उघडला की जनावर एकदम बाहेर यायला बघतं. निघतानाच तळाला काथ्याची चटई टाका आणि वर तणस पसरा. पोचल्यावर फाळका लगेच उघडू नका, पाचेक मिनिटं गाडी बंद करून उभी ठेवा. मग रॅम्प लावून वरच्या टोकावर मूठभर तणस किंवा माती टाका, म्हणजे पहिलं पाऊल कोरड्यावर पडेल. गळ्याची दोरी रॅम्प नीट लागेपर्यंत सोडायची नाही आणि लागल्यावर ताणून धरायची नाही. रॅम्पच्या पायाशी सिमेंटची गुळगुळीत फरशी असेल तर गाडी दुसरीकडे लावा, बहुतेक जनावरं शेवटच्या पावलाला घसरतात.

प्रश्न : गाय बसली आहे, उठत नाही. नागपूरच्या व्हेटर्नरी कॉलेजला न्यायची तर रॅम्पवरून कशी चढवू? (कुही, पोस्टकार्ड)

आधी न्यायची का ते ठरवा. पोस्टकार्ड पोचेपर्यंत तुमच्या गाईचं जे व्हायचं ते होऊन गेलं असेल, तरी इतरांसाठी लिहितो. उठता न येणारं जनावर प्रवासाला योग्य नसतं. १९६२ या नंबरवर फोन लावा, तो टोल फ्री आहे, फिरतं पशुवैद्यकीय पथक येतं. नुकतीच व्यालेली गाय असेल तर पुष्कळदा कॅल्शियमची कमतरता असते आणि डॉक्टरने शिरेतून सलाईन दिलं की ती तिथेच उठते, गाडीची गरजच पडत नाही. तोवर तिला एका कुशीवर पडू देऊ नका, छातीवर बसती ठेवा, खाली तणस जाड टाका आणि दर दोन-तीन तासांनी कूस बदला.

डॉक्टरनेच ‘न्या’ म्हटलं तर पायाला दोर बांधून ओढायचं नाही आणि जेसीबीने तर मुळीच उचलायचं नाही. जाड प्लायवूडचा तुकडा तिच्या अंगाशी लावायचा, सहा-सात माणसांनी तिला त्यावर सरकवायचं, आणि तो पाटच रॅम्पवरून दोरांनी वर घ्यायचा. या कामाला रॅम्पवरच्या पट्ट्या आड येतात, म्हणून वर दोन लांब गुळगुळीत फळ्या टाका.

प्रश्न : बाजारातून बैल आणताना पोलिसांनी अडवलं. कोणकोणते कागद लागतात? (सावनेर)

बाजार समितीची खरेदी पावती, जनावर प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला, आणि कानात १२ अंकी बिल्ला. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हणून शेतीसाठी बैल नेणाऱ्यालाही उत्तर द्यावं लागतं, कागद गाडीतच ठेवा, घरी नाही. एका गुराला दोन चौरस मीटर जागा, म्हणजे नऊ फुटाच्या पिकअपमध्ये दोनच. ट्रकमध्ये सहाच्या वर नाही, हा १९७८ चा नियम आहे. गुरांसोबत सिमेंटच्या गोण्या, खताच्या पिशव्या काही नको, सोबत एक माणूस पाहिजे, आणि तोंड शक्यतो इंजिनकडे. तुम्ही सावनेरचे, छिंदवाड्याकडून आणत असाल तर दाखला तिकडूनच निघताना घ्या.

प्रश्न : रॅम्प गाडीत नेला तर जनावराला जागा उरत नाही, घरी ठेवला तर उतरवायला मिळत नाही. मग ठेवायचा कुठे? (पारशिवनी)

जनावरासोबत डाल्यात सैल टाकायचा नाही, पहिल्या ब्रेकला तो पायावर येतो. डाल्याच्या बाहेरच्या बाजूला उभा, लांबीत, दोन हुकांवर टांगा आणि वर-खाली साखळीने आवळा, गाडीच्या अंगाबाहेर कुठलाही कोपरा निघता कामा नये आणि मागचा दिवा-नंबर झाकला जाऊ नये. आठ फुटाचा असेल तर मधे बिजागरीने दुमडणारा करून घ्या, पण मग उघडल्यावर त्या सांध्याखाली टेकू देणारे दोन पाय हवेतच, नाहीतर वजन पडलं की तो मधेच मोडेल. बिजागरीची पिन जाड घ्या, नागपूरच्या लोहाओळीत मिळते. आणि वाटेत चहाला थांबलात की साखळी एकदा हाताने ओढून बघत जा.