वाचकांचे प्रश्न : गिअरचा रॉड त्याच जागी पुन्हा का तुटतो?

प्रश्न : शेतावर भात, शेणखत आणि काजूची पोती वाहण्यासाठी मी व माझ्या थोरल्या भावाने घरीच चार चाकांची एक गाडी बांधली आहे. भंगारात निघालेल्या छोट्या मोटारीचे आडवे इंजिन आणि गिअरबॉक्स मागे हौद्याखाली बसवल्यामुळे लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत सव्वा मीटर लांबीची 10 मिमीची सळी द्यावी लागली. चढावर दुसरा गिअर आपोआप निसटतो आणि गिअरबॉक्सकडच्या टोकाचे वेल्डिंग दोन महिन्यांत दोनदा तुटले. तुटलेल्या तोंडावर कडेला गंजलेला गुळगुळीत भाग आणि मध्ये खडबडीत, चकचकीत भाग दिसतो. वेल्डिंगवाला जाड सळी घालू म्हणतो, तर दोन्ही टोकांना रॉड एंड (घरात फिरणारा गोळा असलेले सांधे) लावावेत असे भावाचे म्हणणे आहे. काय करावे? (एक वाचक, खानापूर तालुका)

उत्तर : तुटलेले तोंड आपण नीट पाहिलेत, त्यामुळे निदान सोपे झाले. गंजलेला गुळगुळीत भाग म्हणजे आधीपासून हळूहळू वाढत गेलेली चीर, आणि चकचकीत भाग म्हणजे शेवटच्या क्षणी तुटलेला अंश. म्हणजे सळी एका हिसक्याने तुटलेली नाही, ती वारंवार वाकून थकली आहे. ती वाकवते कोण, हे शोधल्याशिवाय तिसऱ्यांदा वेल्डिंग करणे व्यर्थ आहे.

आपल्या लिव्हरचा ठोकळा (लिव्हर ज्यात बसतो तो) चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्टने घट्ट बसवलेला असणार, आणि इंजिन मात्र रबरी माउंटिंगवर आहे. भरल्या गाडीने चढ चढताना आडवे इंजिन चाकांच्या ओढीच्या उलट दिशेला कलते, त्याबरोबर गिअरबॉक्स पुढेमागे सरकतो आणि जागचा न हलणारा लिव्हर सळीमार्फत सिलेक्टर शाफ्टला, म्हणजे गिअर बदलणाऱ्या गिअरबॉक्सच्या दांड्याला, ओढून धरतो. गिअर निसटतो तोही याच ओढीने, वेल्डिंग तुटते तेही याच ओढीने. खात्रीसाठी सळी सोडवून, गाडी थांबलेली असताना शाफ्ट हाताने दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण बसवावा आणि त्याच चढावर गाडी चालवून पाहावी. गिअर टिकला तर दोष लिंकेजचा, म्हणजे लिव्हर ते गिअरबॉक्स या जोडणीचा; तरीही निसटला तर गिअरबॉक्स उघडावा लागेल.

उपाय म्हणजे दुसरा दांडा. पुढे आडवे इंजिन असलेल्या अनेक मोटारींत मुख्य रॉडच्या शेजारी गिअरबॉक्सच्या कवचापासून लिव्हरच्या ठोकळ्यापर्यंत एक आधाराचा दांडा असतो आणि ठोकळा चासीवर रबरी बुशांवर (नळीसारख्या अस्तरांवर) टेकलेला असतो. इंजिन हलले की ठोकळाही तेवढाच हलतो, त्यामुळे दोघांतील अंतर कायम राहते. आपल्या भावाने सुचवलेले रॉड एंड या आधाराच्या दांड्यावरच शोभतात. मुख्य रॉडला मात्र पुढेमागे सरकण्याबरोबर फिरण्याचेही काम असते. त्यात रॉड एंड घातला तर गोळा आपल्या घरात कलेल आणि पिळाचा काही भाग तिथेच हरवेल. तेथे लहान क्रॉस, म्हणजे स्टिअरिंग कॉलमला असतो तसला युनिव्हर्सल जॉइंट, पिन मारून बसवावा.

जाड सळीबद्दल बोलायचे तर सळीऐवजी पाइप घ्यावा. बाहेरून 20 मिमी आणि भिंत 2 मिमी असलेला पाइप 10 मिमीच्या भरीव सळीच्या दीडपटीहून कमी वजनात पिळाला सुमारे नऊपट ताठ असतो. टोकाला आत 30 मिमी शिरेल असा गुळगुळीत कातलेला भरीव तुकडा बसवावा, पाइपला समोरासमोर 6 मिमीची दोन भोके पाडून ती वेल्डिंगने भरावीत आणि मगच कडेने फेरा मारावा, म्हणजे सगळा भार एका कडेवर येत नाही. हे काम रॉड गाडीवरून उतरवून टेबलावरच करावे. गाडीवर वेल्डिंग केल्यास करंट गिअरबॉक्सच्या बेअरिंगमधून जाऊन त्यांना खड्डे पडू शकतात, आणि वेल्डिंगवाल्यांना अर्थिंगचा चिमटा हाताशी येईल तिथे लावण्याची खोड असतेच.

सांध्यांतले बुश बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लेथवर गनमेटलचे (एक प्रकारच्या काशाचे) कातून घ्यावेत. नायलॉनचे स्वस्त पडतात, पण नायलॉन पाणी शोषून फुगतो आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात लिव्हर अडकतो. लाल चिखल आत जाऊ नये म्हणून सांध्यावर ग्रीस भरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा क्लिपने आवळावा. बुशांतील ढिलाईकडे दुर्लक्ष करू नये. लिव्हरचा वरचा भाग 300 मिमी आणि खालचा 60 मिमी असेल, तर चार सांध्यांत मिळून 4 मिमी खेळ म्हणजे मुठीशी 20 मिमी वाया जातात.

जोडताना गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये आणि लिव्हर तो ज्यातून हलतो त्या खाचेच्या मध्यावर ठेवून लांबी ठरवावी. गिअर पूर्ण बसण्याआधीच लिव्हर खाचेच्या कडेला टेकत असेल, तर खाच कानशीने वाढवावी. रॉडची लांबी बदलून हा दोष जात नाही, तो फक्त खाचेच्या विरुद्ध टोकाच्या गिअरकडे सरकतो. चाचणी शेतातल्याच चढावर, आधी रिकाम्या गाडीने आणि मग भरलेल्या गाडीने घ्यावी. नोंदणी नसलेली गाडी 1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, त्यामुळे खानापूरच्या बाजारापर्यंत फेरी मारून पाहण्याचा मोह आवरावा.