डोस वाढवण्याआधी विचार

प्रिय बाळा,

तुझा व्हॉइस मेसेज रात्री ऐकला आणि झोपेचं पार खोबरं झालं. "मावशी, हे लोक ऐकतच नाहीत गं, मी इन्शुलिन वाढवत जाते आणि ए1सी आपलं तिथंच, 11 नाहीतर 12" असं म्हणताना तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा तो आकडा हलत नाही म्हणून तुझा आवाज रडवेला झाला होता. तू हुशार आहेस, कष्टाळू आहेस वगैरे मी काही लिहीत बसणार नाही, ते तुला माहितीय आणि त्यानं तुझ्या पेशंटची शुगर उतरणार नाही. मला एकच गोष्ट सांगायचीय आणि ती तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. डोस वाढवण्याआधी विचार. समोर बसलेल्या माणसाला विचार, गाईडलाईन त्यानंतर उघड.

मॅकअ‍ॅलनचा उन्हाळा, टेक्ससमधला, मेक्सिकोच्या सीमेजवळचा, तू आता बघतेच आहेस. माझ्याकडे छपरं घालणारा एक माणूस यायचा, पन्नाशीतला, अतिशय अदबीनं बोलणारा. दरवेळी शुगर 300 च्या वर, आणि चार्ट बघावा तर आधीच्या प्रत्येक डॉक्टरनं ग्लार्जिन, म्हणजे दिवसातनं एकदा घ्यायचं इन्शुलिन, थोडं थोडं वाढवत नेलेलं. मी म्हणलं, बाटली कुठाय तुमची? तर म्हणाला ट्रकमधेच आहे की, आणि पार्किंगमधे जाऊन घेऊन आला. डॅशबोर्डवर खिळे आणि स्क्रूचा एक पत्र्याचा डबा असायचा त्याचा, त्यात ती बाटली, लेबल उन्हानं पिवळं पडलेलं, हातात घेतली तर चांगलीच गरम. बाहेर 38 अंश असलं की बंद गाडीत 50 च्या वर सहज जातं, आणि इन्शुलिन वापरात असताना 30 च्या खाली ठेवायचं असतं. हे त्याला सांगितलं नव्हतं असं नाही, इंग्रजीत छापलेल्या कागदावर दिलं होतं! घरी का नाही ठेवत विचारलं तर तो पहाटे अंधारात निघतो, एका फ्रीजवर तीन कुटुंबं, आणि त्याला वाटायचं कामावर चक्कर आली तर औषध जवळ पाहिजे. म्हणजे तो नीट वागत होता, त्याच्या परीनं फारच नीट वागत होता. मग रात्री झोपताना घ्यायचं ठरवलं, बाटली घरातनं हलवायचीच नाही, नवी बाटली, आणि डोस निम्म्याच्याही खाली आणून परत सुरुवात केली. आता तूच विचार कर, हा माणूस एखाद्या रात्री अ‍ॅडमिट झाला असता आणि वॉर्डातल्या नर्सनं चार्टवरचा आकडा बघून ताज्या बाटलीतनं तेवढं इन्शुलिन टोचलं असतं तर? म्हणून म्हणते, न विचारता वाढवलेला डोस ही नुसती वाया गेलेली मेहनत नाही, तो धोका आहे.

तू मागे मला तो 2014 चा 'नेचर'मधला पेपर पाठवला होतास, मेक्सिकन लोकांमधल्या डायबेटिसचा धोका वाढवणाऱ्या त्या जीनबद्दलचा, मूळ अमेरिकन वंश असलेल्यांमधे बराच आढळतो तो. पेपर चांगला आहे, मी वाचला. पण जीन काही बाटली डॅशबोर्डवर ठेवत नाही गं. जीनवर तुझ्या हातात काहीच नाही, प्रश्न विचारणं मात्र पूर्ण तुझ्या हातात आहे.

आणि विचारायचं म्हणजे "औषध घेता ना?" असं नाही. त्यावर कुणीही हो म्हणेल, डॉक्टरचा मान राखायचा म्हणून म्हणेल. विचार की गेल्या आठवड्यात किती गोळ्या राहिल्या, कुठल्या वेळची राहून जाते, किती पैसे पडले. मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीचंच घे. कांद्याच्या शेतात किंवा पॅकिंग शेडमधे काम करणारी बाई मेटफॉर्मिन सोडते कारण पोट बिघडतं आणि कामाच्या ठिकाणी बाथरूम धड नाही, असलं तरी सुपरवायझर सोडत नाही. ती हे आपणहून कधीच सांगणार नाही. तू विचारलंस तर मान खाली घालून सांगेल, मग एक्सटेंडेड रिलीज, म्हणजे हळूहळू विरघळणारी गोळी दे, कमी डोसनं रात्रीच्या जेवणाबरोबर सुरू कर, संपला विषय. दिवसभर उन्हात राबणाऱ्याला लघवी वाढवणारी नवी गोळी लिहितानाही तेच, पाणी किती मिळतं त्याला ते आधी विचार.

खाण्याबद्दल तर मला रागच येतो. तुमच्या क्लिनिकमधल्या त्या चकचकीत कागदावर काय आहे, तर तोर्तिया, म्हणजे त्यांची पोळी, बंद, भात बंद, सॅलड खा. मिरजेत तुझ्या आजीला कुणी भाकरी सोडा म्हणलं असतं तर तिनं आधी डॉक्टर सोडला असता! मक्याच्या लहान तोर्तियात 11-12 ग्रॅम कार्ब असतात, मैद्याच्या आठ इंचीत 25 च्या आसपास, म्हणजे तीन मैद्याच्या ऐवजी दोन मक्याच्या हे बोलणं करता येतं, आणि ते ती बाई घरी करूही शकते. राजमा-घेवड्यासारखे त्यांचे फ्रीहोलेस चांगलेच आहेत, नोपाल म्हणजे निवडुंगाची भाजी तर उत्तम, त्याचं कौतुक कर. खरी शुगर कुठून येते ते विचार. बहुतेक वेळा ती बाटलीतनं येते, कोक, होर्चाता (तांदळाचं गोड पेय), ज्यूस. कोलोनियातल्या, म्हणजे सीमेजवळच्या धड सोयी नसलेल्या वस्त्यांतल्या, काही घरांत नळाच्या पाण्यावर लोकांचा भरवसा नाही, विकतचं पाणी आणि कोक यांच्या किमतीत फारसा फरक नाही, तर कोक का पिता असं दरडावण्याआधी घरात प्यायचं पाणी कुठून येतं ते विचार. आणि स्वयंपाक कोण करतं तेही विचार, नवऱ्याला डाएट सांगून उपयोग शून्य, बायकोला किंवा सासूला खोलीत बोलाव.

"त्यांच्या अंधश्रद्धा" म्हणालीस ते मला अजिबात आवडलं नाही. सुस्तो म्हणतात ते लोक, मोठा धसका बसला आणि त्यातनं शुगर लागली. कुणाच्या मुलाला डिपोर्ट केलं तेव्हापासून, कुणाच्या भावाचा अपघात झाला तेव्हापासून. तू त्यावर फिजिऑलॉजी शिकवायला लागलीस की माणूस गप्प होतो आणि परत येत नाही. काय झालं होतं ते विचार. दोन मिनिटं ऐक. तसंच इन्शुलिननं आंधळं होतं ही भीती, ती हवेतनं आलेली नाही, त्यांनी काकाला, आईला बघितलेलं असतं, इन्शुलिन फार उशिरा सुरू झालं आणि पाठोपाठ डोळे गेले. तर कुणाचे डोळे गेले ते विचार, आणि त्याच दिवशी रेटिनाचा फोटो काढून दाखव की तुमचे अजून शाबूत आहेत, म्हणून आत्ता सुरू करूया.

एक गोष्ट मात्र ताबडतोब बंद कर. आईबरोबर आलेल्या दहा वर्षांच्या पोरीला दुभाषी म्हणून उभं करणं. 2016 च्या फेडरल नियमात स्पष्ट होतं की इमर्जन्सी सोडून लहान मुलांना त्यासाठी वापरायचं नाही, पण नियम राहू दे बाजूला, त्या पोरीच्या तोंडून आईला किडनी जातायत असं सांगायचं? आणि कुठला बाप मुलीसमोर सांगेल की बायकोजवळ जाता येत नाही? हे तर डायबेटिसमधे रोजचं दुखणं आहे, आणि कित्येकजण त्याच कारणानं गोळ्या सोडतात कारण त्यांना वाटतं गोळ्यांनीच झालंय. फोनवरचा इंटरप्रिटर वापर, वेळ जातो, जाऊ दे. आणि स्पॅनिश शीक, रोज थोडं, तोडकंमोडकं चालतं, प्रश्न विचारण्यापुरतं तर लवकर येतं.

पैशाचं तुला थोडक्यात सांगते कारण ते तू स्वतःच शिकशील. टेक्ससनं मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी विमा, वाढवलं नाही, विम्याशिवायची माणसं या राज्यात सगळ्यात जास्त. मेटफॉर्मिन 4 डॉलरला मिळतं, वॉलमार्टमधे जुन्या पद्धतीचं इन्शुलिन बाटलीमागे 25 डॉलरच्या आसपास, ते नीट वापरायला शीक, त्याला कमी लेखू नकोस. ज्यांच्याकडे कागद आहेत ते पूल ओलांडून मेक्सिकोतल्या नुएवो प्रोग्रेसोला औषधं आणायला जातात, काय आणतात ते विचार. ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांना दक्षिणेला जाता येत नाही आणि उत्तरेलाही नाही, फाल्फुरियासला इमिग्रेशनची चेकपोस्ट आहे, म्हणजे तू सॅन अँटोनियोच्या स्पेशालिस्टकडे रेफरल लिहितेस ते त्या माणसासाठी रद्दी आहे. 2019 मधे पब्लिक चार्जचा तो नियम आला, सरकारी मदत घेतली तर ग्रीन कार्ड अडवणारा, तेव्हा ज्यांना तो लागूही नव्हता अशा बायकांनी भीतीनं पोरांची मेडिकेडची कार्डं बंद केली. आणि हे सगळं साचत साचत किडनीपर्यंत गेलं की मग कागद नसलेल्यांना मरणाच्या दारात असताना तेवढंच डायलिसिस. 2018 चा अभ्यास आहे, डेन्व्हर, ह्यूस्टन आणि सॅन फ्रान्सिस्कोचा, फक्त इमर्जन्सीत डायलिसिस मिळणाऱ्यांचा मृत्यूदर पाच वर्षांत नियमित डायलिसिसवाल्यांच्या 14 पट. कोलोरॅडोनं 2019 मधे धोरण बदललं. इथं नाही. माझी किती माणसं अशी गेली, त्यांचे चेहरे अजून डोळ्यांसमोरनं जात नाहीत, म्हणून मी डोस, डोस, विचार, विचार करत बसते.

तुला वाटेल मावशीला काय जातंय, मला 15 मिनिटं मिळतात. मलाही 15 च मिळायची. मी जास्त घ्यायचे. स्लो डॉक्टर म्हणून माझं नाव मीटिंगमधे निघायचं, बोनस कापला गेला, घरी जेवणं थंड व्हायची, मुलाच्या मॅचेस बुडाल्या त्याचं मला आजही वाईट वाटतं. पण मी स्लो होते ते मुद्दाम, आणि परत संधी मिळाली तर परत तेवढीच स्लो असेन. ज्यांनी भराभर पेशंट उरकले त्यांचे पेशंट नंतर माझ्याकडे पाय काळे पडल्यावर आले, तो वेळ कुणाच्या हिशोबात धरायचा?

आणि हा नुसता माझा हेका नाही. तुझ्या शेजारच्या स्टार काउंटीत शॅरन ब्राऊन आणि त्यांच्या टीमनं केलेलं काम वाच, 2002 मधे छापलं गेलं. 256 मेक्सिकन-अमेरिकन पेशंट, वर्षभरात 52 तासांचे वर्ग, स्पॅनिशमधे, त्यांच्याच गावात, घरचं माणूस बरोबर, स्वयंपाक त्यांचाच. सहा महिन्यांत ए1सी अजून वर्ग न मिळालेल्या गटापेक्षा 1.4 नं कमी. आता तू म्हणशील तरीही सरासरी 10 च्या वरच राहिली. हो, राहिली. तरी नवी महागडी गोळी एवढं उतरवते तेव्हा आपण टाळ्या वाजवतो की नाही? आम्हीही असा वर्ग चालवायचो, संध्याकाळी चर्चच्या हॉलमधे, तिथल्याच दोन प्रोमोतोरा, म्हणजे वस्तीतल्याच आरोग्यसेविका बायका चालवायच्या आणि त्यांना जे कळायचं ते मला कधी कळलं नसतं. ग्रँट संपली, वर्ग बंद. त्या बायका एका दुकानात कामाला लागल्या. ही खंत माझ्या मनातनं जात नाही.

व्हिसाच्या वेव्हरची, म्हणजे डॉक्टर कमी असलेल्या भागात काम करायच्या अटीची, तीन वर्षं झाली की डॅलसला हॉस्पिटलिस्ट म्हणून जावं का विचारलंस. जा की. तुला कुणी बांधून ठेवलेलं नाही, आणि मी राहिले म्हणून तूही राहावंस असं मी म्हणणार नाही. फक्त कुठंही गेलीस तरी लॅटिनो म्हणजे एकच माणूस धरू नकोस. ब्रॉन्क्स, शिकागो, मायामी, सॅन डिएगो इथल्या 16 हजारांवर लोकांच्या पाहणीत डायबेटिस दक्षिण अमेरिकनांमधे 10.2 टक्के आणि मेक्सिकनांमधे 18.3 निघाला, पोर्तो रिकोवाल्याच्या ताटात तोर्तिया नसते, भात नि केळी असतात. तिथंही आधी विचारावंच लागेल.

पुढच्या महिन्यात बजेटची मीटिंग आहे म्हणालीस ना, तर त्यात प्रोमोतोराचा पगार घालून घे, ग्रँटवर नको, क्लिनिकच्या कायम पगारात. स्टार काउंटीच्या पेपरची प्रिंट काढून ने. नाही म्हणाले तर मला कळव, मी गाडी काढून येते. मला बघून त्यांना फार आनंद होणार नाही, पण मी येणार.

तुझी,
मावशी